आईच्या ताटापासून मुलाच्या स्मरणापर्यंत

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी ज्यांनी शाळेत रांगेत उभे राहून म्हटली, अशी वडीलधारी माणसे आजही काही घरांत आहेत. काल दुपारी जेवणात कोणती भाजी होती, असे त्यांना विचारले तर ती क्षणभर घुटमळतात. परंतु सातची अडीचपट किती, असे विचारताच ‘साडेसतरा’ हे उत्तर ओठांवर तयार असते. मधल्या सत्तर वर्षांत गाव बदलले, घर बदलले, डोक्याचे केस पांढरे झाले. पाढा मात्र जागच्या जागी राहिला.

हा पाढा इतकी वर्षे राहिला कोठे? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मेंदूतील बहुतेक मज्जापेशी आपल्याला जन्मभर साथ देतात हे खरे. परंतु त्या पेशी ज्या प्रथिनांच्या बनलेल्या असतात, ती प्रथिने काही दिवसांत किंवा आठवड्यांत झिजतात व त्यांच्या जागी नवी येतात. ज्या घराच्या विटा सतत बदलल्या जातात, त्या घराच्या भिंतीवर कोरलेली अक्षरे टिकावीत कशी? जनुकद्रव्याची रचना उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक, यांनी १९८४ साली हीच शंका उपस्थित केली होती, आणि जनुकद्रव्यावरील रासायनिक खुणांचा तीत काही संबंध असू शकेल असेही सुचविले होते. त्यानंतरच्या संशोधनाने त्या सूचनेला बराच आधार मिळाला आहे.

या शास्त्राचे नाव ‘एपिजेनेटिक्स’. मराठीत त्याला ‘अधिजनुकशास्त्र’ म्हणता येईल. नाव अवघड असले, तरी विषय आपल्या घराच्या अगदी जवळचा आहे. त्याचा एक महत्त्वाचा धागा चेन्नईच्या एका स्त्री-रुग्णालयातून व एका वैद्यकीय महाविद्यालयातून निघून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. तो धागा हाती धरण्यापूर्वी मुळातली गोष्ट थोडी समजून घेऊ.

एक पोथी, अनेक पाठ

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा एकच संच असतो. प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारी सुमारे वीस हजार जनुके त्यात आहेत. डोळ्याची पेशी, यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी या तिघींजवळ पोथी एकच. परंतु प्रत्येक पेशी त्या पोथीतील निराळे अध्याय वाचते आणि बाकीचे मिटून ठेवते.

या वेगळेपणाचे चित्र पाहावयाचे असेल, तर चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राचे काम पाहावे. २०२२ साली स्थापन झालेल्या या केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ नावाचा एक नकाशा-संग्रह जगापुढे ठेवला. गर्भावस्थेच्या मधल्या तीन महिन्यांतील मानवी मेंदूचे अतिशय पातळ काप घेऊन, एकेक पेशी ओळखता यावी इतक्या बारकाईने त्यांची चित्रे टिपलेली आहेत. अशा कापांची संख्या ५,१३२ आहे. जन्माला येण्यापूर्वीच मेंदूच्या निरनिराळ्या भागांची केवढी मांडणी झालेली असते, हे त्यातून दिसते. एकाच गर्भबीजातून निघालेल्या आणि एकच पोथी बाळगणाऱ्या पेशी येथे आपापली निराळी कामे स्वीकारून बसलेल्या आहेत.

पोथीतील कोणते पान उघडावे आणि कोणते मिटावे, हे मुख्यतः दोन प्रकारच्या खुणांनी ठरते. जनुकद्रव्याचा धागा एका पेशीत सुमारे दोन मीटर लांब असतो व तो ‘हिस्टोन’ नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या रिळांना ‘अॅसिटिल’ नावाचा गट चिकटला, की गुंडाळी सैल होते आणि तेथील जनुक वाचता येते. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात खुद्द धाग्यालाच ‘मिथिल’ नावाचा लहानसा गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन अणू, जोडला जातो. आणि पुष्कळदा त्यामुळे ते जनुक मिटलेले राहते. पोथीचे एकही अक्षर बदलत नाही; बदलतो तो पाठ.

शिकताना पेशीत काय घडते

या खुणा केवळ गर्भातच उमटतात व पुढे कायम राहतात, असे पूर्वी मानले जाई. प्रौढ प्राणी काही नवे शिकतो तेव्हाही मेंदूत त्या बदलतात, हे एकविसाव्या शतकाच्या आरंभी दिसून आले. अमेरिकेत डेव्हिड स्वेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. एका विशिष्ट पिंजऱ्यात सौम्य विजेचा झटका बसतो, हे उंदीर एकाच अनुभवात शिकतो आणि पुढे तो पिंजरा दिसताच भीतीने गोठून उभा राहतो. या शिक्षणानंतर, स्मरणाशी विशेष संबंध असलेल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या मेंदूच्या भागात, हिस्टोनांवरील अॅसिटिल खुणा वाढलेल्या आढळल्या. हे निरीक्षण २००४ सालचे.

२००७ साली त्याच प्रयोगशाळेत मिथिल खुणांचा शोध घेण्यात आला. स्मरणाला आवर घालणाऱ्या एका जनुकावर शिकल्यानंतर खुणा चढल्या, तर स्मरणाला साहाय्य करणाऱ्या दुसऱ्या एका जनुकावरच्या खुणा उतरल्या. या खुणा उमटू नयेत असे औषध शिकवणीनंतर लगेच दिले, तेव्हा आठवण पक्की झालीच नाही. हिप्पोकॅम्पसमधील हे बदल थोड्या काळात मावळतात. परंतु २०१० साली असे दिसले, की मेंदूच्या बाह्य थरातील काही जनुकांवर उमटलेल्या खुणा महिना उलटला तरी कायम होत्या, आणि त्या पुसल्या असता जुनी आठवणही पुसट झाली. क्रिक यांच्या शंकेचे पूर्ण उत्तर अद्याप हाती आलेले नाही. मज्जापेशींमधील जोडण्यांचाही स्मरणात फार मोठा वाटा आहे. तथापि त्या जोडण्या उभारावयास व राखावयास लागणारी प्रथिने कोणत्या जनुकांतून केव्हा घडवावीत, हे ठरविण्यात या खुणांचा हात आहे, एवढे निश्चित झाले आहे.

माणसातही याची साक्ष मिळते. अॅसिटिल खुणा उमटविणारे ‘सीबीपी’ नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकात दोष असल्यास रुबिनस्टीन-टायबी नावाचा एक दुर्मिळ विकार होतो व अशा मुलांना शिकण्यात मोठी अडचण येते. उलट बाजूने, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तपस कुंडू यांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांसह २०१३ साली असे दाखविले, की हेच प्रथिन अधिक कार्यक्षम करणारा एक रेणू दिल्यास उंदरांची आठवण अधिक काळ टिकते.

यातील सर्वांत आशादायक प्रयोग औषधाचा नव्हेच. ली-ह्वे त्साई यांच्या प्रयोगशाळेत, ज्यांच्या मेंदूतील बऱ्याच पेशी नष्ट झाल्या होत्या अशा उंदरांना, खेळावयास चक्रे, चढावयास शिड्या आणि सोबतीस इतर उंदीर असलेल्या प्रशस्त पिंजऱ्यात ठेवले. त्यांची शिकण्याची शक्ती पुष्कळशी परत आली. इतकेच नव्हे, तर हरवली असे वाटलेली आठवणही पुन्हा जागी झाली. त्यांच्या मेंदूत अॅसिटिल खुणा वाढल्या होत्या. हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. खेळ, सोबत आणि नवा अनुभव यांचाही ठसा जनुकांच्या वाचनावर उमटतो, हे यावरून ध्यानात येईल.

मद्रासचा धागा

आता साहजिकच एक प्रश्न मनात येतो. मिथिल खुणा उमटवावयास लागणारी शाई शरीराला मिळते कोठून? ती मिळते अन्नातून. आणि या शाईचा शोध लागण्यात मुंबई व मद्रास या दोन शहरांचा मोठा वाटा आहे.

ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या. येथील गरीब गर्भवती स्त्रियांत, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांत, एक भयंकर प्रकारचा रक्तक्षय आढळत असे व त्यात अनेकींचा अंत होई. विल्स यांनी या स्त्रियांच्या घरचा आहार तपासला. तसाच निकस आहार त्यांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांना देऊन पाहिला, आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यास हा विकार बरा होतो असे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील कुन्नूर येथे त्यांनी काम केले, आणि १९३१ च्या आरंभी त्या मद्रासच्या ‘कास्ट अँड गोशा’ रुग्णालयात काम करीत होत्या. पडदा पाळणाऱ्या व इतर घरंदाज स्त्रियांसाठी स्थापन झालेले हे रुग्णालय आज चेन्नईच्या ट्रिप्लिकेन भागात शासकीय कस्तुरबा गांधी रुग्णालय या नावाने ओळखले जाते. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव पडले. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला, आणि लॅटिन भाषेतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास ‘फोलिक आम्ल’ हे नाव मिळाले.

पानातून काढलेले द्रव्य लक्षावधी स्त्रियांना पुरणार कसे? हे काम मद्रासच्याच एका विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखाली झाले. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे झाला व त्यांचे वैद्यकीय शिक्षण मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी ते खादी वापरीत व त्यामुळे एका इंग्रज प्राध्यापकाची त्यांच्यावर इतराजी झाली, असे सांगतात. पुढे ते अमेरिकेस गेले आणि लेडर्ले या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या मंडळींनी १९४५ साली फोलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. आज गर्भवती स्त्रीला आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर जे फोलिक आम्ल असते, त्याचा हा पूर्वेतिहास आहे.

विल्स व सुब्बाराव या दोघांपुढे प्रश्न होता तो रक्ताचा. हेच द्रव्य मिथिल गटाची वाहतूक करते, हे नंतर उमगले. फोलेट हा जणू ओझे वाहणारा हमाल होय. ते ओझे त्याच्या डोक्यावरून उतरवून पुढे देण्यास ब-१२ हे जीवनसत्त्व लागते. ब-१२ कमी पडले, तर फोलेट पुरेसे असूनही डोक्यावर ओझे घेऊन तसेच तिष्ठत राहते, आणि जनुकांवर खुणा उमटविण्यासाठी मिथिलचा पुरवठा तुटपुंजा होतो.

पुण्याजवळच्या गावांत

ब-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. ज्या देशात असंख्य घरे शाकाहारी आहेत, आणि दुधाचा वाटाही सुनेच्या वाट्याला शेवटी येतो, तेथे काय होत असेल? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास सुरू केला. गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले.

ही मुले नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या व स्मरणाच्या चाचण्या घेण्यात आल्या. गरोदरपणी ज्यांच्या आयांचे ब-१२ फारच कमी होते, त्या मुलांना लक्ष एकाग्र ठेवण्याच्या चाचणीत अधिक वेळ लागला, आणि ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगण्यात ती मागे पडली. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. फरक सर्वच चाचण्यांत नव्हता व तो फार मोठाही नव्हता. परंतु वर्गात ऐकलेली गोष्ट मनात धरून ठेवणे आणि ती हाताळणे, हेच तर शिक्षणाचे पहिले साधन आहे.

पुढचे पाऊल त्याहून महत्त्वाचे होते. या अभ्यासातील मुले-मुली वयात आल्यावर, म्हणजे विवाहाच्याही आधी, त्यांतील काहींना २०१२ पासून ब-१२ च्या अल्प मात्रेच्या गोळ्या देण्यात आल्या. त्यांच्या पोटी जी बाळे जन्मली, त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची मुले आकलन व भाषा या दोन बाबतींत पुढे होती.

यात मिथिल खुणांचा वाटा किती, हे सांगताना सावधपणा हवा. जिवंत माणसाच्या मेंदूतील पेशी काढून त्या खुणा पाहता येत नाहीत; त्यामुळे रक्तातील पेशींवर भिस्त ठेवावी लागते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी पुण्याच्या गटाबरोबर २०१८ साली दाखविले, की ब-१२ दिल्याने काही जनुकांवरील मिथिल खुणा खरोखर बदलतात. ती जनुके मधुमेहाशी संबंधित होती, स्मरणाशी नव्हे. म्हणजे साखळीतील बऱ्याच कड्या हाती आल्या आहेत. मेंदूपर्यंत नेणारी कडी अद्याप जोडावयाची आहे.

मायेचीही खूण

अन्नाप्रमाणेच वागणुकीचीही खूण उमटते. पिलांना भरपूर चाटणाऱ्या उंदरीणीची पिले पुढे संकटात कमी घाबरतात, आणि त्यांच्या मेंदूतील एका जनुकावरील मिथिल खुणा निराळ्या असतात, असे कॅनडातील मायकेल मीनी व मोशे स्झिफ यांच्या गटाने २००४ साली दाखविले. चांगल्या मातेकडे दत्तक दिलेल्या पिलांतही हाच चांगला बदल दिसला. म्हणजे तो रक्तातून आलेला नव्हता.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या गटाचा २०१३ सालचा प्रयोग अधिकच विचार करावयास लावणारा आहे. पहिल्या काही दिवसांत रोज काही वेळ आईपासून दूर ठेवलेली पिले तरुणपणी स्मरणाच्या काही कसोट्यांत उलट सरस ठरली. परंतु मध्यम वय येताच ती झपाट्याने मागे पडली. मज्जापेशींचे पोषण करणाऱ्या एका घटकाच्या जनुकावरील खुणांतही या काळात फरक पडलेला आढळला. बालपणी दाब सोसलेले मूल आज हुशार दिसते म्हणून निर्धास्त राहू नये, असा इशारा यातून घ्यावयास हरकत नाही. मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही विसरता कामा नये.

आपल्या घरी काय करावे

वाचकहो, अशा लेखानंतर दोन चुकीचे निष्कर्ष सहज काढले जातात. पहिला असा, की मूल अभ्यासात मागे पडले म्हणजे दोष आईचा. हे शास्त्र तसे म्हणत नाही. आईच्या ताटात काय पडते, हे तिने एकटीने ठरविलेले नसते. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खावयाचे, ही रीत ज्या घरात आहे, तेथे त्या ताटाची जबाबदारी साऱ्या घराची आहे. दुसरा निष्कर्ष असा, की एकदा खूण उमटली म्हणजे जन्माचे भवितव्य ठरले. वर सांगितलेल्या शिड्या-चक्रांच्या पिंजऱ्याने आणि दत्तक पिलांनी त्याचे उत्तर दिलेलेच आहे. जनुके जागी करण्याच्या नावाखाली महागडी चूर्णे व गोळ्या विकणाऱ्यांपासूनही दूर राहावे. स्मरणशक्ती वाढविणाऱ्या जनुकांच्या खुणा हव्या तशा उमटविणारे औषध आज माणसासाठी उपलब्ध नाही.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. पालक, मेथी, चवळीची पाने, डाळी, हरभरा, शेंगदाणे यांत फोलेट असते. पालेभाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी फेकून दिल्यास त्यातील बराच अंश वाया जातो. शाकाहारी घरातील स्त्रीला रोज दूध, दही किंवा ताक तिच्या हक्काचे म्हणून मिळावे. गर्भाची मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांतच, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच, मिटते. म्हणून फोलिक आम्ल व ब-१२ यांची चौकशी डॉक्टरांकडे गर्भधारणेच्या आधीच करावी. ब-१२ ची कमतरता असताना केवळ फोलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते. म्हणून दोहोंचा विचार एकत्र व्हावा.

काही गोष्टी समाजाने करावयाच्या असतात, आणि येथेही चेन्नईने वाट दाखविली आहे. १९२० साली मद्रास महानगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना जेवण देण्यास आरंभ केला. १९५६ पासून मुख्यमंत्री कामराज यांनी ती योजना राज्यभर नेली, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ती अधिक व्यापक केली, आणि २०२२ पासून तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. शाळेत माध्यान्ह भोजन मिळालेल्या मुली पुढे माता झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंची अधिक चांगली भरली, असे देशभरच्या आकडेवारीवरून २०२१ साली दिसून आले आहे. त्या पाहणीत जनुकांवरील खुणा मोजलेल्या नव्हत्या. पण शाळेत वाढलेले एक ताट पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते, एवढे त्यातून कळते.

पाढे पाठ करावयास पाटी लागते, गुरुजी लागतात आणि म्हणावयास सोबती लागतात. त्या सर्वांच्याही आधी लागते ती शाई, आणि ती मुलीच्या व सुनेच्या ताटात वाढली जाते. आज रात्री घरात पाने मांडली जातील तेव्हा सर्वांनी एकाच वेळी बसावे आणि दह्याची वाटी तिच्याही पानात पहिल्यापासून असावी. घराला फारसा खर्च न पडता करता येण्यासारखी ही सुधारणा आहे, आणि तिचा आरंभ करावयास कोणत्याही मुहूर्ताची वाट पाहावी लागत नाही.